अर्ध्या तासात वीगन

निर्णय घेतला तेव्हा सुदेशराव कर्णिक सोफ्यावर आडवे पडलेले होते. पोटावर रिमोट होता आणि समोर बातम्या चालू होत्या. अशा अवस्थेत माणूस फार तर कूस बदलतो. सुदेशरावांनी संसाराची घडी बदलली.

झालं असं. रविवारची संध्याकाळ. नौपाड्यातलं त्यांचं दुसऱ्या मजल्यावरचं घर (लिफ्ट नाही, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे म्हणून बसवत नाहीत, आणि रिडेव्हलपमेंटला ती गेली बारा वर्षं जातेच आहे). हेमाताई नॅपकिनला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून शुक्रवारपर्यंत मी रात्रीचा स्वयंपाक करणार नाही."

"का? काय झालं?"

"दोन महिने झाले. शाळेतून सहाला येते आणि दोन-दोन स्वयंपाक करते. तिच्या डाळीला तेलाची फोडणी, तुझ्या डाळीला तुपाची. तिला पनीर चालत नाही, तुला दुधी चालत नाही. मी शिक्षिका आहे, खानावळवाली नाही."

'ती' म्हणजे त्यांची मुलगी श्रिया. वय चोवीस, नोकरी कॉम्प्युटरवर, आणि दोन महिन्यांपासून वीगन. मांस-मच्छी नाही, अंडं नाही, दूध, दही, तूप, मध, काही म्हणजे काही नाही. सीकेपी घरात जन्मलेल्या मुलीने सुरमईकडे पाठ फिरवावी, हा धक्का एवढा मोठा होता, की नातेवाइकांत ही बातमी अजून फोडलेली नव्हती. कुणी विचारलंच तर "तिचं पोट जरा नाजूक झालंय" असं सांगायचं ठरलं होतं.

"त्यात एवढं काय आहे?" सुदेशराव आडव्या आडव्याच म्हणाले. "एकच स्वयंपाक करायचा. सगळ्यांनी वीगन खायचं. अर्ध्या तासाचं तर काम."

हेमाताई थांबल्या. "कोण करणार?"

"मी करतो!"

आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलेली श्रिया बाहेर आली. (याच हेडफोनमधून तिला 'दार उघड', 'कचऱ्याची गाडी आलीय' वगैरे ऐकू येत नसे.) "बाबा, खरंच? सोमवार ते शुक्रवार?"

आता सुदेशराव उठून बसले. पण तोवर हेमाताईंनी ॲप्रन आणून त्यांच्या मांडीवर ठेवला होता.

तसं खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वीगन झाल्यापासून श्रिया आपलं बाऊल घेऊन खोलीत जाऊन जेवायची. समोर मासे असले की तिला कसंतरी व्हायचं. टेबलावर नवरा-बायको समोरासमोर बसायची, आणि सव्वीस वर्षांच्या संसारानंतर नवरा-बायको समोरासमोर बसली की फक्त चावण्याचा आवाज येतो. ऑफिसात कोण कोणाला काय बोललं, ही श्रियाची बडबड त्यांना हवी होती. त्यासाठी पाच दिवस पापलेट सोडायची त्यांची तयारी होती. सहा दिवस मात्र नाही.

सोमवारी माजिवड्याच्या ऑफिसातून येताना ते परशुरामच्या डेअरीत शिरले.

"दही आहे का? बिनदुधाचं?"

परशुरामने वीस वर्षांत अनेक गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने शांतपणे विचारलं, "लो फॅट देऊ?"

"नाही रे, दूधच नको त्यात. गाईचं नको, म्हशीचं नको."

"मग कोणाचं?"

"शेंगदाण्याचं."

"साहेब," परशुराम हळूच म्हणाला, "वहिनी माहेरी गेल्यात का?"

दही मिळालं नाही, पण टोफू मिळाला. मोबाइलवर 'तीस मिनिटांत वीगन डिनर' नावाचा व्हिडिओ लावून सुदेशराव ओट्यापाशी उभे राहिले. व्हिडिओतल्या माणसाकडे कांदा, टोमॅटो, आलं, लसूण सगळं छोट्या-छोट्या काचेच्या वाट्यांत चिरून तयार होतं. तो नुसत्या वाट्या उलट्या करत होता. चिरायची चाळीस मिनिटं धरलेलीच नव्हती! ही उघड उघड फसवणूक होती. पण तक्रार कुठे करायची हे व्हिडिओखाली दिलेलं नव्हतं.

साडेनऊला टोफूची भाजी टेबलावर आली. श्रिया आली, चाखली, आणि सौजन्याने म्हणाली, "मी खोलीत बसून खाऊ का? कॉल आहे एक."

हेमाताईंनी टोफूचा तुकडा काट्याने उलटा केला, सुलटा केला. "पनीर परीक्षेत नापास झालं की त्याचं हे होत असावं," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी त्यांनी छोले ठरवले. डब्यातल्या लाल मिरच्या एकेक टाकायच्या असतात. सुदेशरावांनी डबाच उलटा केला, तोही धूर काढणाऱ्या तेलात. त्या खमंग क्षणी त्यांच्या घरात तिघं, वरच्या मजल्यावर चौघं आणि जिन्यात एक कुरियरवाला, असे एकदम खोकायला लागले. वरच्या विमलाबाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, गॅस लीक आहे का?" सुदेशरावांना उत्तर देता येईना. डोळ्यांतून, नाकातून, शक्य तिथून पाणी वाहत होतं. श्रिया ताट न घेताच खोलीत गेली आणि तिने दाराच्या फटीला टॉवेल लावला.

त्या धुराने सुदेशरावांचं नाक जे बंद झालं ते बुधवारीही उघडलं नाही. पुढचं सगळं त्या नाकामुळे घडलं, असं ते आजही सांगतात. (हेमाताई म्हणतात, नाकाला कशाला बदनाम करतोस.)

बुधवारी त्यांनी शहाणपणाने साधी मुगाची खिचडी लावली. तेलावरची. कुकरने वेळेवर शिट्ट्या दिल्या. फक्त चव आणायला काहीतरी हवं होतं. त्यांनी वरच्या फळीवर हात घातला. पोह्यांच्या डब्यामागे कॉफीची एक जुनी बाटली होती, आणि तिच्यात लालसर, भरड, सुंदर दिसणारी चटणी. लसूण-खोबऱ्याची! त्यांनी बाटलीत नाक घातलं. वास शून्य. पण नाक बंद होतं, त्यामुळे त्यांना अगरबत्तीचाही वास आला नसता. त्यांनी तीन वाट्यांत खिचडी वाढली, वर तीन-तीन चमचे चटणी भुरभुरली, त्यावर कच्चं तेल सोडलं.

श्रियाने उभ्या उभ्या पहिला घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग तिने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"बाबा, हे काय भारी झालंय! काय घातलंयस?"

"असंच आपलं. थोडा अंदाज," सुदेशराव म्हणाले. आवाज नाकातून येत होता, तरी त्यात रुबाब होता.

"असली चव दोन महिन्यांत खाल्ली नाहीये मी. अजून आहे?"

तेवढ्यात हेमाताईंनी पहिला घास तोंडात घातला. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे अनेक प्रकारे पाहिलं होतं, पण हा प्रकार नवीन होता.

"सुदेश, जरा आत ये. नळ बघ, गळतोय."

"नळ कुठे गळ–"

"आत ये."

स्वयंपाकघरात हेमाताईंनी बाटली सुदेशरावांच्या नाकाशी धरली. "हे काय घातलंस?"

"लसणाची चटणी."

"जवळ्याची आहे! रविवारी केली मी. तिला दिसू नये म्हणून पोह्यांमागे ठेवली होती."

जवळा म्हणजे वाळवलेल्या इवल्या इवल्या कोलंब्या. भाजून, खोबरं-लसूण-मिरची घालून वाटलं की ओळखू येत नाही. श्रियाला तर नाहीच. ताज्या माशांवर वाढलेल्या या मुलीने सुक्या मासळीला लहानपणापासून कधी तोंड लावलं नव्हतं. ते लावायला तिला वीगन व्हावं लागलं.

"आता सांगतो तिला," सुदेशराव म्हणाले, आणि खरंच सांगायच्या इराद्याने बाहेर आले.

बाहेर श्रिया वाटी चाटूनपुसून बसली होती. पाय खुर्चीवर घेतले होते, लहानपणी घ्यायची तसे. "बाबा, ऐक ना, आमची ती मॅनेजर आहे ना, आज काय झालं माहितीये..." आणि ती बोलायला लागली. पाऊण तास बोलली. मॅनेजर, तिची मांजर, ऑफिसातलं बिघडलेलं कॉफी मशीन, सगळं. सुदेशराव ऐकत राहिले. हेमाताई टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय देत होत्या. ते पाय मागे घेत होते. शेवटी श्रिया म्हणाली, "शुक्रवारी सौमित्रला जेवायला बोलावते. माझ्या ऑफिसात आहे, डोंबिवलीला राहतो. तो चार वर्षं वीगन आहे. त्याला हीच खिचडी कर. आणि ही चटणी!"

'सौमित्र' म्हणताना तिने ज्या तऱ्हेने पाण्याचा ग्लास फिरवला, त्यावरून दोघा आईबापांना जे कळायचं ते कळलं.

"आता तर सांगायलाच हवं," हेमाताई भांडी आवरताना म्हणाल्या.

"सांगतो. पण उद्या."

"उद्या का?"

"आज ती टेबलावर बसली होती गं."

हेमाताईंनी भांडी जरा जोरात ठेवली.

पुरावा घरात नको म्हणून सुदेशरावांनी बाटली आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. (गुरुवारी डब्यात चपातीबरोबर थोडी खाल्लीही. नाक उघडलं होतं. चटणी अप्रतिम होती.) मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी येऊन ते बिनजवळ्याची, पण जवळ्याच्या चवीची चटणी करायला बसले. सुकं खोबरं भाजलं. तीळ भाजले. मशरूमचे काप करून गॅलरीत वाळत घातले. त्यातले अर्धे कावळ्याने नेले आणि दोन परत आणून टाकले. समुद्राची चव यावी म्हणून मीठ वाढवलं. चव समुद्राची आली खरी, पण समुद्र पोहताना तोंडात जातो तशी.

"हेमा, जरा मदत कर ना."

"मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे," हेमाताई वह्या तपासताना म्हणाल्या. "आणि मदतच हवी असेल तर फुकट सांगते. तिला खरं सांग."

ते सांगणार होते. गुरुवारी रात्री श्रिया उशिरा आली. शुक्रवारी सकाळी ती घाईत होती. शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली.

सौमित्र उंच, सडपातळ आणि नम्र मुलगा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला. वाकून नमस्कार केला, कोपऱ्यात चपला नीट लावल्या. हेमाताईंनी तिथेच त्याला साठ टक्के दिले.

"काका, श्रिया बुधवारपासून फक्त तुमच्या खिचडीबद्दल बोलतेय."

"हॅ हॅ," सुदेशराव म्हणाले.

पानं वाढली. मुगाची खिचडी, भाजलेला पापड, सोलकढी. (कोकम आणि नारळाचं दूध. हा पदार्थ या घरात पिढ्यान् पिढ्या वीगन होता आणि कुणी त्याचा गाजावाजा केला नव्हता.) खिचडीवर सुदेशरावांनी आपली तिळा-मशरूमची चटणी घातली. सौमित्रने घास घेतला, जरा वेळ चावला, आणखी जरा वेळ चावला.

"छान आहे, काका," तो म्हणाला आणि अर्धा ग्लास पाणी प्यायला.

श्रियाने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "बाबा, ही ती चटणी नाहीये."

"तीच आहे. थोडी... अपडेट केलीय."

"चल! मी बघते कुठे आहे ती."

"संपली ती! काल संपली!"

श्रिया स्वयंपाकघरात जाऊन शोधून आली. मग सौमित्रचा फोन चार्ज करायचा म्हणून चार्जर हवा होता. चार्जर बाबांच्या बॅगेत. ती बॅगेत हात घालेपर्यंत सुदेशराव पापडाचा तुकडा मोडण्यात गुंतले होते.

"बाबा! चटणी तर इथे आहे! ऑफिसला नेऊन एकटा खातोस होय?"

पुढचं सगळं फार वेगाने झालं. श्रियाने झाकण उघडलं. सौमित्रच्या ताटात भरघोस दोन चमचे वाढले. वर तेल सोडलं. "आता खाऊन बघ." सौमित्रने घास कालवला, उचलला. हेमाताई म्हणाल्या, "सुदेश!" आणि सुदेशरावांनी, ज्यांना एरवी सोफ्यावरून उठायला दोन प्रयत्न लागतात, टेबलावरून झेप घेतली.

त्यांनी घास पकडला. सौमित्रच्या बोटांसकट. कोपर सोलकढीच्या जगला लागलं, आणि जग मुलाच्या पांढऱ्या शर्टावर रिकामा झाला.

"खाऊ नकोस! त्यात जवळा आहे!"

गुलाबी झालेला सौमित्र हळूच म्हणाला, "काका, माझा अंगठा."

सुदेशरावांनी अंगठा सोडला.

श्रिया बाटलीकडे बघत होती. "म्हणजे बुधवारी मी काय खाल्लं?"

"जवळा."

"मासे?"

"कोलंबी. सुकी. अगदी लहान असते."

"तुला माहीत होतं?"

"घालताना नव्हतं. शपथ! नाक बंद होतं. नंतर आईने सांगितलं."

"कधी?"

"...तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस तेव्हा."

"एका चमच्यात किती जीव असतील, बाबा?"

सुरमईचा तुकडा असता तर प्रकरण एका माशावर मिटलं असतं. जवळ्याचा हिशेब शेकड्यात जात होता.

श्रिया खोलीत गेली. दार आपटलं नाही. नुसतं लावून घेतलं, आणि ते सुदेशरावांना जास्त लागलं.

हेमाताईंनी सौमित्रला सुदेशरावांचा एक टी-शर्ट आणून दिला. त्यात तो दोनदा मावला असता. त्याने मुकाट्याने स्वतःचं ताट बाजूला सारलं, दुसरं ताट घेतलं, कुकरमधली साधी खिचडी वाढून घेतली आणि शांतपणे जेवायला लागला. अशा प्रसंगी जेवत राहायला धैर्य लागतं. हेमाताईंनी आणखी दहा टक्के दिले.

सुदेशराव बंद दारापाशी उभे राहिले. पाहुण्यासमोर असं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण दार एकच होतं आणि हॉलही एकच होता.

"श्रिया, ऐक. चूक माझी आहे. घातलं चुकून, पण लपवलं मुद्दाम. आईने दहा वेळा सांगितलं, सांग म्हणून. पण तू त्या दिवशी दोन महिन्यांनी टेबलावर बसलीस. पाय वर घेऊन बसलीस. तुझ्या त्या मॅनेजरच्या मांजरीचं सांगत होतीस. मला वाटलं, सांगितलं की तू परत आत जाशील. म्हणून नाही सांगितलं. आता तू आत गेलीसच. तेव्हा माझं ते गणितही चुकलं."

सुदेशराव परत येऊन बसले. सौमित्रने पापडाची ताटली त्यांच्याकडे सरकवली.

दहा मिनिटांनी दार उघडलं. श्रिया आली, डोळे लाल होते. खुर्ची ओढून बसली. "यापुढे माझ्या ताटात काय आहे ते मला आधी सांगायचं. चूक झाली तरी सांगायचं. आरडाओरडा करीन मी. पण टेबलावर बसून करीन."

"हो."

"आणि बुधवारचं मी अजून माफ केलेलं नाहीये."

"बरं."

"वाढ आता. भूक लागलीय." तिने घास घेतला. "बाबा, मीठ?"

मीठ नव्हतंच. चटणीत समुद्र ओतण्याच्या नादात खिचडीत चिमूटभरही पडलं नव्हतं. सौमित्रने अख्खं दुसरं ताट अळणी खाल्लं होतं आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. सुदेशरावांचा ऊर भरून आला.

निघताना त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. "काका, जेवण खूप छान होतं. खरंच."

"येत जा रे," सुदेशराव म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदाच कुणीतरी, जवळ्याच्या मदतीशिवाय, त्यांच्या हातचं जेवण मनापासून नावाजलं होतं, तेही सोलकढीत भिजून. श्रिया त्याला रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरली. त्याचा ओला शर्ट पिशवीत घालून ठेवलेला टेबलावरच राहिला, हे सुदेशरावांच्या लक्षात आलं. पिशवी घेऊन ते जिन्यात आले. खालच्या वळणावरून सौमित्रचा आवाज येत होता.

"श्रिया, चार वर्षं झाली मला वीगन होऊन. एकदाही मोह झाला नाही. आज तुझ्या बाबांची खिचडी खाताना पहिल्यांदा मला चिकन आठवलं."

आणि श्रियाचं हसणं. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेलं.

सुदेशराव पिशवीसकट परत वर आले. "ऐकलंस?" ते हेमाताईंना म्हणाले. "तोंडावर म्हणतो खूप छान, आणि जिन्यात जाऊन खरं बोलतो! असल्या मुलाला..."

"अगदी लग्नाच्या लायकीचा आहे," हेमाताई म्हणाल्या आणि करपलेला कुकर त्यांच्या हातात दिला. "तू सव्वीस वर्षं नेमकं उलटं करतोयस."